भावोजींच्या विमानाचं झाकण

आमची ताई भांडकुदळ आहे, असं तिच्या इमारतीतल्या सगळ्यांचं मत आहे. दिवसभर त्या घरातून आदळआपट ऐकू येते. कपाट धाडकन, फ्रिज धपकन, डब्यांची झाकणं ठपाठप. आणि भावोजींचा आवाज म्हणाल, तर तो कोणी धड ऐकलेलाच नाही. तेव्हा लोकांनी सरळ निकाल लावला की नवरा देवमाणूस आणि बायको कजाग. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी. मी तिचा सख्खा धाकटा भाऊ, त्यामुळे माझं बोलणं एकतर्फी वाटेल, वाटू दे. पण दुकानांना शटरं बसवायचा माझा धंदा आहे. आवाज कशाचा आला आणि का आला, हे मला कोणी शिकवायला नको.

खरी गोष्ट अशी आहे की भावोजींना दार लावता येत नाही. म्हणजे ते लावतात, फार सुंदर लावतात, पण ते लागत नाही.

भावोजी रेडिओ केंद्रात स्टुडिओच्या दारावर होते. आत बातम्या सुरू झाल्या की दारावरचा लाल दिवा लागायचा आणि लाल दिवा लागला की त्या बोळात शिंकायचीही चोरी. भावोजींच्या आधीच्या दारवाल्याच्या हातून एकदा ऐन बातम्यांत दार निसटलं. कोणा मोठ्या माणसाच्या निधनाची बातमी चालली होती आणि मध्येच 'धाड'. ऐकणाऱ्यांना वाटलं, तो मोठा माणूस आत्ताच स्टुडिओत पडला. चौकशीचे फोन दोन दिवस वाजत होते. दारवाल्याची बदली गोदामात झाली आणि त्या दारावर भावोजी आले, ते निवृत्त होईपर्यंत.

डावा हात मुठीवर, उजवा तळवा लाकडावर, श्वास रोखलेला. शेवटचं चार बोटं अंतर ते इतक्या हळू लावायचे की बघणाऱ्याला जांभई यावी. आणि लाल दिवा लागल्यावर काय वाट्टेल ते झालं तरी दाराला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. स्टुडिओचं दार जाडजूड, कडेला रबर लावलेलं, ते आपल्याच वजनाने बसायचं. घरातल्या फ्रिजला एवढी समज नसते.

त्यामुळे ताईच्या घरी दूध नासायचं. बिस्किटं मऊ पडायची. कपाटाचं दार पाहुण्यांसमोर आपोआप उघडायचं आणि आतले कपडे बाहेर डोकावायचे. टॅक्सीत बसले की ड्रायव्हर म्हणायचा, "साहेब, दार." भावोजी पुन्हा लावायचे. "साहेब, दार!" पुन्हा लावायचे. शेवटी तो बिचारा शिव्या घालत उतरून, वळसा घालून यायचा आणि स्वतः आपटायचा. घरी हे काम ताईचं. भावोजी पुढे उघडत जाणार, ताई मागून आपटत जाणार, असा त्यांचा संसार. आपटताना ती रागावलेली नसायची. बऱ्याचदा गाणं गुणगुणत असायची. मी एकदा म्हटलं, "अगं, शेजाऱ्यांना एकदा खरं सांगून तरी टाक."

"काय सांगू? माझ्या नवऱ्याला डबा लावता येत नाही?" ताई म्हणाली. "त्यापेक्षा मी भांडकुदळ बरी."

आणि अशा माणसाने विमान बांधायला घेतलं.

कुठून तरी त्याचे नकाशे मागवले, ॲल्युमिनियमचे पत्रे आणले आणि दिवाणखान्यात कामाला लागले. पत्रे जोडायचे रिबिट मारायला मी, कारण मशीन माझ्याकडे. दोन पंख बोळात भिंतीला टेकून उभे असायचे, त्यांच्यावर पाहुणे छत्र्या अडकवायचे. शेपूट झोपायच्या खोलीत. विमान पुरं होईपर्यंत कित्येक वर्षं ताई पाय आखडून झोपली, कारण पायथ्याशी शेपटी होती. तिने त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. मी विचारलं, "सीटा दोन कशाला?" तर भावोजी कुजबुजले (ते कुजबुजतच बोलतात), "एक तिची आहे." त्या सीटला त्यांनी ताईच्या आवडत्या हिरव्या पडद्याचं कव्हर शिवून घेतलं होतं. पडदा अजून चांगला होता, हे ताईने बोलून दाखवलं. पण कव्हरवरून हात फिरवताना मी तिला पाहिलं आहे.

बसायचं मात्र नाव नाही. "मी यांनी लावलेला बिस्किटाचा डबा पुन्हा लावते," ती म्हणायची. "आणि यांनी लावलेल्या झाकणाखाली आकाशात बसू? आधी एक दार नीट लावून दाखवा म्हणावं. मग बसते."

भावोजी म्हणायचे, "बरं." दुसरा कोणी चिडला असता. यांनी घर पोखरून विमान उभं केलं ते तिला वर नेण्यासाठी, आणि सगळं अडलं होतं दार लावण्यापाशी.

विमान उडालं, हे आधी सांगून टाकतो. गावाबाहेर एक हौशी लोकांचं मैदान आहे. तिथले मास्तर उडवायला शिकवतात, लोकांनी घरी बांधलेली विमानं तपासतात आणि उरलेला वेळ ओरडतात. भावोजी त्यांच्याकडे शिकले, एकट्याने बरेचदा उडाले. बसायच्या जागेवर काचेसारखं पारदर्शक झाकण. त्याच्या बिजागऱ्या पुढे आणि खिटी मागे, म्हणजे बसायचं आणि डोक्यावरून झाकण खाली ओढायचं. मैदानावरचे लोक त्याला कॅनॉपी म्हणतात. मी झाकणच म्हणणार. दर वेळी मास्तर जवळ यायचे, बाहेरून झाकणावर एक सणसणीत थाप मारायचे आणि मग भावोजी निघायचे. त्या थापेमुळे खिटी बसायची, हे तोपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मास्तरांना वाटायचं, आपण नुसता निरोप देतो.

ताईच्या मनाची खात्री पटावी म्हणून भावोजींनी एक दिवाही बसवला. खिटी पूर्ण बसली नसेल तर समोर दिवा लागणार. कल्पना उत्तम होती. दिवा कुठला, तर निवृत्तीच्या दिवशी केंद्राने त्यांना स्टुडिओच्या दारावरचा जुना दिवा भेट दिला होता, त्याचीच काच कापून बसवलेला. लालभडक.

ताईला नेण्याआधी कोणाला तरी नेऊन आणायचं ठरलं. तो कोणीतरी मी. ताई कुंपणापाशी थर्मास घेऊन उभी राहिली, नुसतं बघणार म्हणून. मास्तर त्या दिवशी पलीकडच्या शेडमध्ये कोणाच्या तरी इंजिनात डोकं घालून होते, त्यामुळे थाप मारायला कोणी आलं नाही. भावोजींनी झाकण ओढलं. डावा हात मुठीवर, उजवा तळवा कडेला, श्वास रोखलेला. शेवटची चार बोटं मी मोजत बसलो. झाकण टेकलं आणि समोर लाल दिवा लागला.

"भावोजी, हा दिवा कसला?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी गप्प बसलो. मला वाटलं, वैमानिक लोकांची काही पद्धत असेल. भावोजी ताठ बसले, दिव्याकडे एकदा आदराने पाहिलं आणि विमान सोडलं.

पाण्याच्या टाकीइतके वर गेलो असू, तेवढ्यात 'फाट्' झालं. वरून जोरात गेलेला वारा झाकणाला उचलतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की माझी बरीच शटरं एकदम कोणीतरी खाली सोडली आहेत. झाकणाची मागची कड वीतभर वर उठली आणि तिथेच थडथडत राहिली. नकाशा गेला. टोपी गेली. इतक्या वर्षांचा तळाशी साचलेला ॲल्युमिनियमचा भुसा उठून माझ्या डोळ्यांत गेला. विमानाने नाक खाली केलं, शेपूट गदगदा हलायला लागलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आता शटरवाला काय करणार? उघडं दिसलं की खाली ओढायचं. मी दोन्ही हातांनी झाकणाची कड धरली आणि लोंबकळलो. माझा गुडघा माझ्यासमोरच्या, विमान वळवायच्या दांड्यावर बसला. तो दांडा भावोजींच्या दांड्याला जोडलेला असतो. विमान एका अंगावर झालं, आणि झाकणातून आकाशाच्या जागी एका माणसाची गच्ची आणि तिथे वाळत घातलेले कपडे दिसायला लागले.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लहान मुलाचा हात डब्यातून काढावा तसा त्यांनी माझा हात झाकणावरून काढला, गुडघा बाजूला केला, विमान सरळ केलं. मग खुणा सुरू झाल्या. तळवा खाली, म्हणजे हळू. बोट पुढे, म्हणजे मला वाटतं समोर बघ. मग दोन्ही हातांच्या चिमट्या जवळ आणून लांब ताणल्यासारखं. ही स्टुडिओतली खूण, वेळ आहे, सावकाश घ्या. मला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मी मोठमोठ्याने दिल्या, पण वाऱ्याने एकही कानापर्यंत जाऊ दिली नाही. भावोजींनी सावकाश मोठा वळसा घेतला, इंजिनाचा जोर टिकवला आणि जमिनीकडे आले. चाकं टेकली ते मला कळलंच नाही. हाताला सवयच तशी.

विमान थांबलं, इंजिन बंद झालं. झाकण आपणहून खाली आलं आणि पुन्हा अर्धवट टेकलं. मी श्वास घेतला, तोंड उघडलं, आता चांगलं ऐकवणार, एवढ्यात भावोजी दिव्याकडे बोट दाखवून कुजबुजले, "शू. अजून चालू आहे."

मास्तर धावत आले. "झाकण उघडलं वरती?"

"हो," भावोजी म्हणाले.

"मग तो दिवा लागला नाही का?"

"लागला ना. निघायच्या आधीपासूनच."

"आधीपासून? मग तुम्ही काय केलंत?"

"शांत बसलो."

मास्तरांनी पंखाचा आधार घेतला. "अहो, तो दिवा कशासाठी लावलाय तुम्ही?"

"दार लागलेलं नाही, हे कळावं म्हणून."

"मग?"

"पण लाल दिवा लागल्यावर," भावोजी अगदी कळवळून म्हणाले, "दाराला हात कसा लावणार?"

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मैदानावरच्या लोकांनी सांगितलं की असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले. "झाकण उघडलं म्हणून विमान पडत नाही. झाकण लावायला धावलेला माणूस विमान पाडतो. तुमच्यासारखा. आज हे होते म्हणून वाचलात." आणि भावोजींना म्हणाले, "उडवण्यात तुम्हाला शंभरपैकी शंभर. दार लावण्यात भोपळा. हे झाकण स्वतःच्या हाताने माझ्यासमोर आपटून दाखवाल, त्या दिवशी दुसऱ्या सीटवर माणूस बसेल. तोपर्यंत मेहुणासुद्धा नाही."

मेहुण्याला तशी हौसही उरली नव्हती.

ताई आली, हातात माझी टोपी. टोपी माझ्या आधी खाली पोचली होती. ताईने ती माझ्या डोक्यावर दाबून बसवली, विमानापाशी गेली आणि झाकण धाडकन आपटलं. दिवा विझला. मी म्हटलं, "हे बघ, मिटलं सगळं. तूच लावत जा आणि बस."

"खाली आयुष्यभर मीच लावतेय," ताई म्हणाली. "वर तरी नको."

ती रागावली नव्हती, आणि म्हणूनच मला ते लागलं. भावोजींनाही लागलं असावं, कारण परत जाताना टॅक्सीत त्यांनी दार स्वतःहून तीनदा लावलं. चौथ्यांदा ड्रायव्हर उतरला.

मग भावोजींचा आपटायचा क्लास सुरू झाला. दिव्याची काच आधी बदलली, निळी लावली. मास्तर ओरडायचे, "आपटा!" भावोजी हात उंच न्यायचे, झाकण वेगाने खाली यायचं, बघणारे कान झाकायचे, आणि शेवटच्या चार बोटांवर आल्यावर तो हात आपोआप मंद व्हायचा. झाकण टेकल्यावर ते हळूच "सॉरी" म्हणायचे, झाकणाला. मैदानावर गवत कापणाऱ्यापासून सगळ्यांनी त्यांना एकेक युक्ती सांगितली. मी त्यांना दुकानात नेलं, अर्धं शटर उघडून दिलं आणि म्हटलं, नुसतं सोडा, काही करायचंच नाही. त्यांनी ते जमिनीपर्यंत पोचवून दिलं.

"भावोजी, कोणावर राग आलाय त्याला आठवा."

त्यांनी खरंच डोळे मिटून विचार केला. "कोणी नाही."

"तो परवाचा टॅक्सीवाला?"

"त्याचं बरोबर होतं."

"तुमचे साहेब?"

"वारले बिचारे."

"मग मी?"

ते थोडे घुटमळले. "तसं... वरती तुम्ही जरा गोंधळ केलात. पण घाबरला होतात."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी हात टेकले, मास्तरांनी टेकले. शेवटी भावोजींनीही टेकले. एके दिवशी ते दुसरी सीट स्क्रू काढून घरी घेऊन आले आणि दिवाणखान्यात भिंतीशी ठेवली. म्हणाले, "तिथे सामान ठेवायला जागा होईल." ताईने वाळलेले कपडे घडी करून तिच्यावर ठेवायला सुरुवात केली. ती सीट घरात आहे आणि तिच्यावर कोणी बसत नाही, हे मला बघवेना. मी आलो की मुद्दाम दुसऱ्या खुर्चीवर बसायचो आणि उगाच सगळ्यांवर चिडायचो.

असाच एकदा बसलो होतो. बेल वाजली. भावोजींनी दार उघडलं. समोरच्या काकू होत्या, नेलेलं भांडं परत द्यायला आलेल्या. ताई स्वयंपाकघरात होती. काकूंनी आत डोकावून अंदाज घेतला आणि आवाज खाली आणला, पण इतका नाही की मला ऐकू येऊ नये.

"बरं झालं तुम्हीच भेटलात. आम्ही सगळे तुमच्या बाजूने आहोत हं."

"कशात?" भावोजींनी विचारलं.

"आता काय बोलायचं! इतकी वर्षं ऐकतोय. सकाळ नाही, संध्याकाळ नाही, नुसती आदळआपट. तुम्ही म्हणून सहन केलंत. दुसरा असता तर कधीच घराबाहेर काढलं असतं."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून 'ठप्' असा आवाज आला. बिस्किटाचा डबा. मघाशी भावोजींनीच आम्हाला बिस्किटं काढून दिली होती.

"हे बघा, हेच," काकू म्हणाल्या.

भावोजींची पाठ माझ्याकडे होती. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. या माणसाला हे माहीतच नव्हतं. सगळ्या इमारतीला माहीत, मला माहीत, ताईला माहीत, आणि ज्याच्यापायी हे सगळं, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ते आवाज त्यांना घड्याळाच्या टिकटिकीसारखे वाटत असणार, घर चालू आहे इतकंच.

"तो डबा मी उघडा टाकला होता," भावोजी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मी दचकलो. इतक्या वर्षांत मला त्यांचा आवाज कसा आहे ते तेव्हा कळलं. जाड आहे.

"अहो, किती बाजू घ्याल तिची! कजाग ती कजाग—"

डावा हात मुठीकडे गेलाच नाही. उजव्या हाताने दार फिरलं आणि जे काही झालं, ते मी इतकी शटरं बसवूनही ऐकलेलं नाही. चौकटीवरचा गिलावा खाली आला. बेल आपोआप वाजली. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं आणि मग एकदम बंद झालं. बाहेर काकूंच्या हातातलं भांडं जिन्यावरून पायरी पायरी करत खाली गेलेलं ऐकू आलं.

ताई ओल्या हातांनी बाहेर आली. "काय पडलं?"

"काही नाही," भावोजी म्हणाले. "दार लावलं."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी जागचा हललेलो नाही." तिने जमिनीवरचा गिलावा पाहिला, दाराकडे पाहिलं, नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती सीटपाशी गेली आणि तिच्यावरचे घडी केलेले कपडे उचलून पलंगावर ठेवले.

इमारतीत आता म्हणतात, शेवटी बायकोने त्यालाही बिघडवलं. ताईला हे कळल्यावर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

सीट पुन्हा विमानात बसवली. मास्तर चहाचा पेला घेऊन समोर उभे राहिले. ताई हिरव्या कव्हरवर बसली, पर्स मांडीवर, केसांना रुमाल घट्ट बांधलेला. भावोजी तिच्या शेजारी. त्यांनी हात वर नेला. मी डोळे मिटले, कारण तो मंद होताना मला पाहायचा नव्हता.

झाकण असं बसलं की मास्तरांचा चहा सांडला. डोळे उघडले तेव्हा मास्तर बाहीवरचा चहा झटकत होते आणि, काय सांगू, हसत होते. निळा दिवा विझला होता.

काचेतून मला ताई दिसत होती. तिचा हात वर गेला. ठरवून नाही, सवयीने. आयुष्यभर त्यांनी लावलेलं तिने मागून लावलं होतं. तिने झाकणाची कड धरली आणि जोरात खाली ओढली. झाकण जागचं हललं नाही. तिने पुन्हा एकदा ओढून पाहिलं. मग तिचा हात तसाच वर राहिला, काय करावं ते न कळून. भावोजी तिच्याकडे बघत थांबले होते, त्यांनी इंजिन सुरू केलं नव्हतं.

तिने हात खाली घेतला आणि काहीतरी म्हणाली. झाकण इतकं घट्ट लागलं होतं की मला ऐकू आलं नाही.